कराचीचं बंदर आणि अँटवर्पच्या घंटा

मे २०२५ मधली ती रात्र. विहाराशेजारच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकं मिटून मोबाईलभोवती गोळा झाली होती. एवढ्यात शेजारचे काका लुंगी सावरत आत आले आणि जाहीर करून मोकळे झाले, "कराचीचं बंदर उडवलं!" वाहिन्यांवर लाल पट्ट्या धावत होत्या, निवेदक घसा फाडून ओरडत होते, मागे सायरन वाजत होता. आम्ही एवढंच म्हणालो, "काका, सकाळपर्यंत थांबू." त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू बंदर वाचवायला आम्हीच गेलो होतो.

सकाळी बंदर जागेवरच होतं. दोन दिवसांनी काका हळूच विचारायला आले, "मग त्यांनी ते परत बांधलं का काय?"

काकांना हसायचा आम्हाला अधिकार नाही. समाजशास्त्राचं एम.ए. करताना आम्हीही असेच फसलो होतो, तेही ग्रंथालयात बसून. आर्थर पॉन्सनबी नावाच्या ब्रिटिश खासदाराने १९२८ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या खोट्या बातम्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात अँटवर्पच्या घंटांची गोष्ट आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमचं हे शहर जर्मनांच्या हाती पडलं. कोलोनच्या पत्राने छापलं, की अँटवर्प पडल्याचं कळताच चर्चच्या घंटा वाजल्या. अर्थात जर्मनीतल्या. पॅरिसच्या पत्राने त्यावरून छापलं, की अँटवर्पच्या धर्मगुरूंना घंटा वाजवायला भाग पाडलं. लंडनच्या पत्रात, नकार देणाऱ्या धर्मगुरूंना हाकलून दिलं गेलं. इटलीच्या पत्राने त्यांना सक्तमजुरीवर धाडलं. बातमी फिरून पॅरिसला पोहोचली तेव्हा बिचारे धर्मगुरू घंटेत लोलकासारखे उलटे टांगलेले होते!

आम्ही हे सेमिनारमध्ये रंगवून सांगितलं. वर्ग हसला, गुणही बरे पडले. पुढे कळलं, की ही साखळीच बनावट आहे. १९१५ मध्ये एका जर्मन पत्राने शत्रूच्या पत्रांची टिंगल करायला ती रचली होती. पॉन्सनबींनी ती खरी मानून पुस्तकात घातली आणि आम्ही पुस्तकावर विश्वास ठेवला. खोट्या बातम्या उघड्या पाडणाऱ्या ग्रंथात खोटी बातमी! तेव्हापासून 'ग्रंथात लिहिलंय' म्हणणाऱ्यांशी वाद घालताना आमचा आवाज थोडा खाली आला आहे.

हसण्यासारखं पुढेही बरंच आहे. फॉकलंडच्या युद्धात, मे १९८२ मध्ये, अर्जेंटिनाच्या 'खेंते' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापलं, 'आपण जिंकतोय!' त्याच महिन्याच्या शेवटी, 'आपण जिंकतच आहोत!' १४ जूनला त्यांच्या सैन्याने शरणागती पत्करली.

पण एका मथळ्यापाशी आमचं हसू थांबतं. एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' आणि 'डेली मेल'ने छापलं, की जर्मन लोक आघाडीवर मेलेल्या आपल्याच सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. आधार काय? तर एका जर्मन वार्ताहराने आघाडीजवळच्या 'काडाव्हर'च्या कारखान्याचा वास येत असल्याचं लिहिलं होतं. जर्मन भाषेत हा शब्द मेलेल्या जनावरासाठी वापरतात. इंग्रजांनी त्याचा अर्थ माणसाचं प्रेत असा लावला.

ज्या युद्धात लाखो घोडे मेले, तिथे मेलेल्या घोड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न कुणाला पडू नये? आमच्या आजोबांच्या पिढीने गावची मेलेली ढोरं ओढली आणि मग ठरवून ते काम सोडलं. कातडं कुठे जातं, हाडं कुठे जातात, चरबीचं काय होतं, हे त्यांना शब्दकोशाशिवाय ठाऊक होतं. आमच्या वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतं, तर त्या संपादकांचा अग्रलेख वाचला असता. तेव्हा बाबासाहेब लंडनमध्येच शिकत होते. त्याच उन्हाळ्यात ते परत निघाले आणि दुसऱ्या बोटीने पाठवलेलं त्यांचं सामान, पुस्तकांसकट, जर्मन पाणतीराने बुडवलं. म्हणजे त्या युद्धातल्या जर्मनांवर राग धरायला आमच्याकडे खरंखुरं कारण आहे. त्यासाठी चरबीचा कारखाना लागत नाही.

१९२५ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केलं, की त्या गोष्टीत तथ्य नव्हतं. लोकांनी मनाशी ठरवलं, पुन्हा फसायचं नाही. आणि मग २५ जून १९४२ रोजी 'डेली टेलिग्राफ'मध्ये बातमी आली, की जर्मनांनी पोलंडमध्ये सात लाख ज्यू मारले, गाड्यांमध्ये विषारी वायू सोडून मारले. ती खरी होती. छापली पाचव्या पानावर. १९४३ मध्येही ब्रिटिश परराष्ट्र खात्यातला एक वरिष्ठ अधिकारी लिहीत होता, की वायूने माणसं मारल्याच्या या कथा त्याला मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या चरबीची आठवण करून देतात. खोट्या मथळ्याचं बिल पंचवीस वर्षांनी आलं आणि ते फाडलं गेलं भलत्यांच्याच नावावर. अत्याचाराची बातमी घेऊन आम्ही एखाद्या कचेरीत जातो आणि टेबलापलीकडचा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, "खरं कशावरून?", तेव्हा आम्हाला ते पाचवं पान दिसतं.

त्याच मे महिन्यात पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात सामान्य माणसं मेली. त्यांत मदरशात शिकवणारे एक शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवून टाकलं. पूंछ पोलिसांना जाहीर करावं लागलं, की हे धादांत खोटं आहे. आम्ही तो खुलासा मोबाईलवर उघडून काकांपुढे धरला. म्हटलं, बघा, मेलेल्या मास्तरांवर काय आळ घेतलाय. काकांनी चष्मा वर केला, दोन ओळी वाचल्या आणि मोबाईल परत दिला.

"राहू द्या," ते म्हणाले, "हे पण त्या बंदरासारखंच असायचं."