नकलेची तजवीज
(अजिंठा-वेरूळ प्रवासाची दैनंदिनी : लेखांक दुसरा)

मंगळवार, ११ डिसेंबर २००७. फर्दापूर.

भुसावळचा मुक्काम सकाळीच हलवून जळगावमार्गे फर्दापूर गाठले. अजिंठ्यास जाणाऱ्याने भुसावळहून निघावे यात एक प्रकारचे औचित्य आहे. कारण लेण्यांतील चित्रांच्या नकला उतरवण्याचे काम कंपनी सरकारने १८४४ साली ज्याच्या सुपूर्द केले, तो मद्रास फौजेतील अंमलदार रॉबर्ट गिल, आयुष्याचा सारा उत्तरार्ध या डोंगरांच्या सान्निध्यात वेचून, १८७९ साली भुसावळच्याच मातीत विसावला. त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत उतरवलेली चित्रे विलायतेस गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वगळता, भस्मसात झाली. या हकिकतीचा आमच्या प्रवासाशी इतक्या लवकर संबंध येईल, असे मात्र सकाळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

फाट्यावर खाजगी वाहने सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर सरकारी बसने जावे लागते. बरोबर सौभाग्यवती आणि माझा भाचा. भाच्याजवळ नवाकोरा डिजिटल कॅमेरा असून, या प्रवासाच्या चित्रांची सर्व जबाबदारी त्याने स्वखुशीने पत्करलेली होती. चित्रांच्या रंगांस अपाय होऊ नये म्हणून लेण्यांत फ्लॅश वापरण्यास सक्त मनाई आहे आणि ट्रायपॉडला निराळा परवाना लागतो; त्यामुळे मंद प्रकाशात, खांबाला कोपर टेकवून, श्वास रोखून तो बटन दाबी, मागच्या पडद्यावर क्षणभर उमटलेल्या चित्रात उजेड पुरेसा आला आहे एवढे पाही, आणि पुढच्या भिंतीकडे वळे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी, वज्रपाणी, झुंजणारे बैल, दुसऱ्या लेण्यातील वेलबुट्टी, असा त्याचा क्रम दुपारपर्यंत निर्वेधपणे चालला होता.

दुपारी वाघोरा नदीच्या काठी शिदोरी सोडली तेव्हा सौ.ने सकाळची चित्रे पाहण्याची इच्छा प्रदर्शित केली. भाच्याने कळ दाबली, आणि पडद्यावर एकही चित्र न येता आत कार्ड नसल्याची इंग्रजी सूचना तेवढी झळकली. मेमरी कार्ड पुण्यास, संगणकाला जोडलेल्या रीडरमध्येच राहून गेले होते.

"अरे, पण चित्रं तर मागे दिसत होती ना?" सौ. म्हणाली.

"दिसत होती मामी, पण दोन-दोन सेकंदच. मला वाटलं, दिसतंय म्हणजे उतरलंय."

या उत्तराने मी अंतर्मुख झालो. माझी सारी चाकरी दप्तरखान्यात गेली, आणि तेथे पहिल्याच महिन्यात शिरस्तेदारांनी जो धडा दिला तो हाच की, कागद साहेबांच्या नजरेखालून जाणे निराळे आणि तो दप्तरी दाखल होणे निराळे. नजरेखालून गेलेल्या परंतु दाखल न झालेल्या कागदाइतका घातक कागद नाही, कारण त्याविषयी सर्वजण निश्चिंत असतात.

परत येताच भाच्याने फाट्यावरील दुकाने पालथी घातली. गारगोट्यांचे स्फटिक, माळा, पुस्तिका, बॅटरीचे सेल, इतकेच काय, जुन्या कॅमेऱ्याचे रोलसुद्धा मुबलक होते. कार्ड तेवढे नव्हते. त्याच्या मोबाईलमधल्या कॅमेऱ्याला लेण्यांच्या अंधारात करड्या धुक्यापलीकडे काही दिसत नसे. "आता डोळ्यांनीच पाहू या, तेच खरं पाहणं," असे तत्त्वज्ञान त्याने रात्री जेवताना मांडले. तेव्हा त्या तत्त्वज्ञानाची परीक्षा पाहावी म्हणून मी वही काढली आणि सकाळी पाहिलेल्या गोष्टी दोघांनी सांगाव्यात असे सुचवले. पद्मपाणीच्या हातातील नीलकमळ डाव्या हातात असल्याचे भाचा ठामपणे सांगू लागला, सौ. तितक्याच ठामपणे उजव्याचा पक्ष घेऊ लागली. त्याच लेण्यातील एका स्तंभावर, एकच शिर अनेक देहांना लागू पडेल अशा खुबीने जी हरणे कोरली आहेत, ती तीन की चार यावरही एकमत होईना. दोन्ही जबान्या जशाच्या तशा लिहून घेतल्या आणि निकाल तहकूब ठेवला.

बुधवार, १२ डिसेंबर. फर्दापूर.

सकाळी वही हातात घेऊन पहिल्या लेण्यात रुजुवात केली. कमळ उजव्या हातात आहे. हरणे चार आहेत. इतकेच नव्हे, तर पद्मपाणीच्या भोवती डोंगरांच्या पार्श्वभूमीवर जी वानरे, मोर आणि किन्नर रंगवलेले आहेत, ते कालच्या एकाही जबानीत नव्हते. आणि बाजूची ती कृष्णवर्णा राजस्त्री, जिच्यापुढे दोघेही काल बराच वेळ उभे होते, तिचा साधा उल्लेखही कोणी केलेला नव्हता. यंत्राविना पाहिले म्हणजे दृश्य अंतःकरणावर अधिक खोल उमटते, असा जो समज हल्ली सुशिक्षितांत रूढ होत आहे, त्यास या भिंतीने तरी पुष्टी दिली नाही. सौ.चे कमळ बरोबर निघाले याचे कारण तिला विचारता ती म्हणाली, "रोज देवाला फूल वाहते, ते डाव्या हातात कशी पाहीन?" म्हणजे तिनेही पाहिले होते ते आपल्या सवयीच्या आधारानेच, सवय आणि चित्र यांचा मेळ बसला, हा योगायोग.

दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर, आज माणसाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अंमलदाराने २८ एप्रिल १८१९ रोजी कोरलेले आपले नाव आहे. शिकारीच्या निमित्ताने आलेला हा घोडेस्वार पलटणीचा मनुष्य त्या वेळी लेण्यात साचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर उभा होता. ढिगारा पुढे उपसला गेला आणि नाव वर राहिले. प्राचीन चित्रावर चाकूच्या टोकाने ओढलेला तो ओरखडा सुमारे दोन शतके टिकून आहे. आणि ज्यांनी चित्रांवर प्रेम करून वर्षानुवर्षे त्यांच्या नकला केल्या, त्यांच्या श्रमांची गत काय झाली ते पाहावे. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत, पेस्तनजी बमनजी प्रभृती आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, या भिंती पुन्हा एकदा कापडावर उतरवल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा १८८५ सालच्याच आगीत नष्ट झाल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी गेल्या शतकात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, येथे बसून केलेल्या नकला टोकियोत ठेवल्या होत्या. त्या १९२३ च्या भूकंपाने गिळल्या.

नकलकारांकडून अस्सलासही उपद्रव झाल्यावाचून राहिला नाही. रंग उठावदार दिसावेत म्हणून भिंतींवर जे रोगण फासले गेले, ते कालांतराने पिवळे-काळे पडले. १९२० नंतर निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून दुरुस्ती करवली, त्या वेळी वापरलेल्या लाखेचाही पुढे तसाच परिणाम झाला. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येसमोर उभे राहिल्यावर, आपण पाहतो आहोत ते मूळ रंग किती आणि त्यांवर चढलेली काळजीची पुटे किती, हा प्रश्न मनास शिवल्यावाचून राहत नाही. त्या मानाने भाच्याचा कार्डविहीन कॅमेरा निरुपद्रवी खराच. त्याने भिंतीचे काही नेले नाही आणि भिंतीला काही दिलेही नाही.

गुरुवार, १३ डिसेंबर. औरंगाबाद.

अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोड-फुलंब्रीच्या वाटेने, दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या शेतांवरून नजर फिरवत दुपारी औरंगाबादेस पोहोचलो. भाच्याने हात-पाय धुण्यापूर्वीच गुलमंडीकडे कूच केले. मीही कुतूहलाने बरोबर गेलो. पहिल्या दोन-तीन दुकानांत कार्डे होती, परंतु ती लहान जातीची, ३२ मिलिमीटर लांब आणि २४ रुंद अशी. भाच्याच्या कॅमेऱ्याला लागते ते कॉम्पॅक्ट फ्लॅश जातीचे, १९९४ साली निघालेले, आकाराने थोर. अखेरीस एका जुन्या स्टुडिओच्या वयोवृद्ध मालकांकडे ते मिळाले.

हे गृहस्थ आयुष्यभर लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून आता गल्ल्यावर बसलेले. त्यांनी भाच्याचा कॅमेरा हाती घेतला, त्याच्या कोष्टकांत दोन-चार पायऱ्या खाली उतरले आणि म्हणाले, "कार्ड नसलं तर बटन चालूच द्यायचं नाही, अशी सोय ह्यात आहे. ती बंद ठेवलेली असते. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला, नाहीतर वायरीनं थेट संगणकाला जोडून काम करणाऱ्यांना ते बरं पडतं. तुम्ही चालू करून ठेवा." भाच्याने चित्र दिसूनही नाहीसे का होते ते विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, भिंगातून आलेला प्रकाश आतील पटलावर पडून त्याचे आकडे होतात आणि ते आकडे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत कार्डाची वाट पाहत थांबतात; पडद्यावर दिसते ते तेथूनच. कार्ड नसले की पुढच्या चित्राला जागा करून देण्यासाठी मागचे पुसले जाते. कार्डातील स्मृती मात्र वीज तोडली तरी आपला ठेवा सोडत नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली ही युक्ती.

मला हे विवेचन अत्यंत उद्बोधक वाटले. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा चित्र टिपण्यास क्षणाचा अंश लागे, पण ते ध्वनिफितीसारख्या कॅसेटवर उतरवण्यास २३ सेकंद लागत. टिपणे आणि दाखल करणे यांतील अंतर त्या यंत्रात सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. वाट पाहावी लागे, म्हणून विसरता येत नसे. आजच्या यंत्राने ते अंतर मिटवले, आणि त्याबरोबर त्याविषयीची जागरूकताही मिटली.

"आमच्या वेळी पण हे व्हायचं," मालक निघताना म्हणाले. "रोल नीट अडकला नसला तरी कॅमेरा टक-टक वाजायचाच. म्हणून पुढचा फोटो ओढताना गुंडाळायची खुंटी फिरते का, ते बघायचं. खुंटी फिरली, तर रोल सरकला. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही."

शुक्रवार, १४ डिसेंबर. वेरूळ आणि औरंगाबाद.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून आजचा दिवस योजला होता. बौद्ध लेण्यांपासून प्रारंभ करून जैन लेण्यांपर्यंत चौतीसही पाहण्याचा संकल्प कैलासाच्या प्रांगणात येताच गळाला. वरून खाली, शिखरापासून पायथ्याकडे, एकसंध डोंगर खोदत उतरलेल्या या मंदिराविषयी नवे लिहावे असे काय उरले आहे? मात्र एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे या मंदिराशी जोडले जाणारे नाव आपल्याला मिळते ते येथल्या दगडात नव्हे, तर ८१२ साली गुजरातेतील त्याच कुळाच्या कर्क राजाने दिलेल्या, बडोद्याचा ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेल्या दानपत्रात. एलापुरच्या पर्वतावरील हे मंदिर पाहून देव विस्मित झाले आणि खुद्द शिल्पीही, आपण हे कसे घडवले, पुन्हा घडवता येईल का, अशा विचारात पडला, अशा आशयाचे वर्णन त्यात आहे. एवढा अजस्र डोंगर, आणि त्याच्या कर्त्याची साक्ष शेकडो मैलांवरच्या काही ताम्रपत्र्यांनी द्यावी!

गिलच्या बाबतीतही हेच घडले होते. त्याची तैलचित्रे प्रत्येकी एकच, म्हणून एका आगीत गेली. परंतु त्यानेच कॅमेऱ्याने घेतलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली, प्रती ठिकठिकाणी पसरल्या, आणि आजही पाहावयास मिळतात. ग्रिफिथ्सचीही कापडे जळाली, पण १८९६-९७ साली छापलेले त्याचे दोन खंड उरले. नकलेचे रक्षण तिच्या देखणेपणाने किंवा नकलकाराच्या निष्ठेने होत नाही. ती एकाहून अधिक जागी असेल तरच होते. दप्तरखान्यात आम्ही हे नियम म्हणून पाळत होतो. त्याचे कारण मला या प्रवासात कळले.

भाच्याने आज कैलास चारी बाजूंनी टिपला, रावणानुग्रहाच्या शिल्पापाशी तर बराच वेळ काढला, आणि मधूनमधून कार्डाची झडप उघडून पाहण्याची नवी सवय त्याला जडली. सायंकाळी औरंगाबादेस परतल्यावर त्याला संगणकाच्या दुकानात पाठवून सर्व चित्रांच्या दोन सीडी करवून घेतल्या. एक आमच्या पिशवीत राहील. दुसरी उद्या सकाळी नोंदणीकृत टपालाने त्याच्या आईच्या नावे पुण्यास रवाना होईल. टपालखर्च ऐकून सौ.ने भुवया उंचावल्या, परंतु क्रिस्टल पॅलेसचा हवाला दिल्यावर हरकत मागे घेतली, आणि उलट हाच न्याय माझ्या वहीलाही लावावा असा आग्रह धरला. तेव्हा हा लेखांक संपादकांकडे धाडण्यापूर्वी त्याची झेरॉक्स प्रत काढून ती सीडीच्याच पाकिटात घालण्याचे ठरले आहे. छापून आल्यावर तो वाचकांच्या घरोघरी जाईल, आणि मग पाकीट गहाळ झाले तरी चिंता नाही.

पैठणची बस सकाळी नऊला आहे. टपाल कचेरी त्यापूर्वी उघडत नसल्याने तेथील एकनाथांच्या वाड्यात पोहोचण्यास दुपार होईल, असा रंग दिसतो.

(क्रमशः)