जळमटांची काठी

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात एक लांब काठी हटकून बाहेर येते. जळमटे काढण्याचे काम तिच्याकडे गेली कित्येक वर्षे आहे. गेल्या दिवाळीत सौभाग्यवती तिच्या टोकाला फडके बांधीत होत्या. खिडकीतले ऊन काठीवर पडले आणि मी चपापलो.

"अगं, थांब! तो बाबांचा क्यू आहे."

"इश्श! मग इतकी वर्षे बोलला नाहीत ते?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. पण ते देण्यासारखे नव्हते. वडील एका क्लबात बिलियर्ड्सचे मार्कर होते. सभासदांचे गुण फळ्यावर मांडायचे, चेंडू जागेवर ठेवायचे, ही त्यांची नोकरी. पुण्याचे विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तेव्हा वडील तेरा वर्षांचे होते. ती हकीकत ते रामायणातल्यासारखी रंगवून सांगत. स्वतः मात्र सारी मंडळी घरी गेल्यावर, दिवे मालवण्यापूर्वी, अर्धा तास खेळत. आणि मी? शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात नुसते 'नोकरी' लिहीत असे. मार्कर म्हणजे काय, असे कोणी विचारू नये म्हणून!

त्या दुपारी मी क्यूची ओळख करून घ्यायला बसलो. मधे कोठेही पेच नाही, सबंध एकच काठी. दांडा अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा. त्यावरच्या रेषा बाणाच्या टोकांसारख्या एकामागून एक चढत गेलेल्या. मूठ काळ्याभोर आबनुसाची. दोन लाकडांचा सांधा यंत्राने केलेला असला, तर त्याची टोके करवतीच्या दातांसारखी तीक्ष्ण असतात. हाताने केलेला असला, तर कमानी गोलसर आणि किंचित उण्याअधिक. आमच्या कमानी उण्याअधिक होत्या. मुठीवर साडेसोळा औंसांचा ठसा होता. टेबलावर घरंगळत सोडला, तर शेंडा फारसा नाचला नाही. भिंतीला टेकून ओल खात उभा राहिला असता, तर त्याला खचित बाक आला असता. कपाटामागे आडवा पडला म्हणून वाचला.

मग उत्साहाच्या भरात मी पॉलिशपेपर घेतला आणि वीतभर दांडा घासून काढला. खालून पांढुरके लाकूड निघाले. मला कोण धन्यता वाटली! दाराच्या बिजागरीसाठी आलेले म्हातारे मिस्त्री तेवढ्यात जवळ येऊन वाकले.

"मास्तर, हा मळ होता होय? बोटांतून काठी सरकते ना, नेमकी तीच जागा घासलीत की!"

हातातला कागद गळून पडला. वर्षानुवर्षांच्या त्या रात्रींचे अर्धे अर्धे तास तिथे साठले होते, आणि मी ते पाच मिनिटांत भुकटी करून झाडून टाकले होते.

पुढचे काम मिस्त्रींनी सांगितले तसे केले. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसणे, लगेच कोरडे करणे, कच्च्या जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने जिरवणे. शेंड्याची चामड्याची टिकली तेवढी नवी लावली. खाचा, डाग होते तसे ठेवले.

क्यू आता बैठकीत खुंट्यांवर आडवा ठेवला आहे. मधला वीतभर भाग अजून पांढरा दिसतो. परवा धाकट्याने विचारले, "बाबा, आजोबा काय करायचे?"

"मार्कर होते," मी म्हणालो. आणि मार्कर म्हणजे काय, ते त्याने न विचारताच सांगत बसलो.