चाकांवरचे घर

गोगलगाय आपले घर पाठीवर घेऊन चालते. त्यामुळे तिला मुक्कामाची चिंता नसते; मात्र घाई करणेही तिला जमत नाही. माणसाचे तसे नाही. त्याला प्रवासाला निघायचे म्हणजे घराला कुलूप लावूनच निघावे लागते. तरीही घरच बरोबर न्यावे, ही इच्छा माणसाच्या मनातून कधी गेली नाही. गाडीलोहारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतच संसार मांडून गावोगाव फिरली. पण ती फिरत पोटासाठी. केवळ हौसेखातर फिरते घर बांधवून घेणारा माणूस म्हणून गॉर्डन स्टेबल्स याचे नाव सांगतात. हा डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. १८८५ साली त्याने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे दोन घोड्यांनी ओढावयाची एक गाडी बनवून घेतली. तिच्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय होती, आणि तिचे नाव त्याने ‘भटकी’ अशा अर्थाचे ठेवले होते. गाडी भारी जड. म्हणून त्याचा एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि चढ कोठे आहे, रस्ता कोठे अरुंद आहे, हे पाहून ठेवी. या कथेत घोड्यांपेक्षा तो सायकलस्वारच अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता घोडे गेले आणि इंजिन आले. निजण्याचे बाक, लहानशी चूल, पाण्याची टाकी आणि शौचकूप एवढे सारे पोटात घेऊन धावणाऱ्या या मोटारीला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. पेण गावातील एका कुटुंबाने अशी गाडी पाच दिवसांसाठी भाड्याने घेण्याचे ठरविले, ते मात्र पर्यटनाच्या हौसेने नव्हे. त्या घरातील आजींचे गुडघे दुखत. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत, आणि दर तासा-दीड तासाला शौचकूप जवळ असावे लागे. त्यामुळे कितीएक वर्षांत त्यांना रोह्याला, आपल्या माहेरी, जाता आले नव्हते. “घर बरोबर असेल, तर आजी येईल,” ही कल्पना धाकट्या नातीची. ती सर्वांना पटली.

मग बेत सुरू झाला. नातवाने मोठा कागद पसरून नकाशा काढला. पेणहून वडखळ, तेथून नागोठणे, मग रोहे. रोह्याहून कुंडलिकेच्या काठाकाठाने चणेऱ्यावरून साळाव. तेथे खाडीवरचा पूल ओलांडला की रेवदंडा. पुढे चौल, अलिबाग, पोयनाड आणि परत वडखळावरून पेण. कागदावर ते एक छानसे कडे झाले. मुलांना वाटले, झाला बेत! आजोबा हसले. ते निवृत्त शिक्षक होते. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एकच शब्द लिहिला : पाणी.

गाडीतील टाकी सुमारे शंभर लिटरांची. माणसे पाच. नातवाने हिशेब केला : प्रत्येकाने वीस लिटरांची एक बादली घेऊन स्नान केले, तर पहिल्याच सकाळी टाकी रिकामी! मग चहाला पाणी कोठले? मुलगा म्हणाला, “त्यात काय? वाटेत कोणाच्याही दारी थांबून भरून घेऊ. आजी, तुझे सासरचे गावही वाटेवरच आहे ना?”

आजी इतका वेळ गप्प बसून तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

पेणच्या पश्चिमेस खाडीकडचा जो सखल प्रदेश आहे, त्याला खारेपाट म्हणतात. तेथील शेते समुद्राच्या भरतीपासून मातीच्या बांधांनी राखलेली असतात. बांधाला ठिकठिकाणी उघाडी असते. ओहोटीच्या वेळी तिच्यातून शेतातले पाणी खाडीत उतरते आणि भरतीला ती मिटली म्हणजे खारे पाणी आत शिरत नाही. बांध फुटला, तर भाताचे शेत खारट होते आणि पुढची काही वर्षे धड पीक येत नाही. चोहीकडे पाणीच पाणी. पण पिण्याजोगे थोडे. उन्हाळ्यात तेथील गावांना गोड्या पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे सोसावी लागली आहे. याच पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी दूर नव्या मुंबईपर्यंत जाते, हे ध्यानात आणले म्हणजे खारेपाटातील माणसाच्या मनाला काय वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको.

आजींचे माहेर रोह्याचे, कुंडलिकेच्या काठचे. ही नदी भाग्यवान. घाटापलीकडील मुळशी धरणाचे पाणी नळांतून भिऱ्याच्या वीजघरात उतरते, वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेला मिळते. १९२७ पासून हे चालले आहे. म्हणून इतर नद्या आटतात, तेव्हाही हिच्यात पाणी खेळते. अशा नदीकाठी वाढलेली मुलगी लग्न होऊन खारेपाटात आली.

“पहिल्या उन्हाळ्यात मी एका कळशीत भांडी घासायला शिकले,” आजी म्हणाल्या. “तांदळाचे धुवण गुरांना, भाजीचे धुवण दारच्या अळवाला. पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा. तो कोणी नाकारीत नसे. पण अर्धाच पिऊन परत ठेवी. त्या गावी आपण शंभर लिटरांची टाकी घेऊन जायचे आणि ती भरून द्या म्हणायचे?”

कोणी काही बोलले नाही. नातीने मुकाट्याने पेन्सिल घेतली आणि कागदावर लिहिले : टाकी पेणला भरायची, नंतर फक्त रोह्यात आणि अलिबागेत. स्नान ओल्या पंचाने. आजींनी त्यात एक भर घातली. खारेपाटातील त्या घरी जाताना पाण्याचे दोन कॅन भरून न्यायचे, आणि देताना त्याचा गाजावाजा करायचा नाही.

बेतातली सुट्टीही तेव्हाच बदलली. मुलांच्या मनात मे महिना होता. तो रद्द झाला. पावसाळ्यात कोकणातला रस्ता जड गाडीला बरा नव्हे. श्रावण-भाद्रपदात तर पेणचे गणपती गावोगावी निघालेले असतात. मूर्तींच्या गाड्यांच्या रांगेत आपले घर अडकवून घेण्यात काय अर्थ? म्हणून नाताळची सुट्टी ठरली. तेव्हा हवा गार असते, भातकापणी झालेली असते, आणि मिठागरांत पाणी घेण्याचे काम चालू होऊ लागते.

वापरलेल्या पाण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुलांनी नाके मुरडली. पण घर बरोबर नेणाऱ्याला घराची घाणही बरोबरच न्यावी लागते. गाडीच्या पोटात सांडपाण्याची एक आणि शौचकूपाची दुसरी, अशा दोन टाक्या असतात. त्या खाडीत वा कोणाच्या शेताकडेला मोकळ्या करून पुढे निघून जाणारे प्रवासीही असतात. त्यांना प्रवासी का म्हणावे, असा प्रश्न पडतो. शौचकूपाची टाकी रोह्याला आजींच्या भाच्याकडील शौचालयाच्या टाकीत रिकामी करायची, असे ठरले. त्यासाठी त्याला आधी विचारायचे, हेही ठरले.

आता उरला समुद्र. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी चालत गाठता येतो. भरतीला तो पाण्याने वेढला जातो. आजोबांनी मुलांना कोळी बांधवांचा जुना हिशेब शिकविला. तिथीचा जो आकडा असेल, त्याची पाऊणपट करावी. जितके येईल, तितके वाजण्याच्या सुमारास भरती. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाण, तेव्हा ते खूप हटते. दिनदर्शिका चाळता सुट्टीत एक तृतीया सापडली. त्या दिवशी सकाळी मुलांनी किल्ल्यात जायचे आणि आजींनी गाडीच्या खिडकीतून त्यांना पाहायचे.

साळावच्या पुलाची चौकशी आजोबांनी स्वतःकडे घेतली. जुन्या पुलावर जड वाहनांना मधूनमधून मज्जाव होतो. खारेपाटातील गावी बांधावर गाडी चढवायची नाही, हेही त्यांनीच लिहिले. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पुढे चालत जायचे. आजोबांना चालण्याचे कौतुक मोठे. याच पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी देशभर पायी फिरले, हे ते सांगू लागले; तेव्हा, “त्यांचे गुडघे दुखत नव्हते,” असे आजी म्हणाल्या आणि सारे हसले.

शेवटी रोह्याला भाच्याला दूरध्वनी केला. आजोबांनी स्टेबल्सच्या त्या सायकलस्वाराचे काम भाच्यावर सोपविले : फाटक किती रुंद, अंगण किती लांब, वर काही आडवे येते का, सारे मोजून कळव. गाडीची उंची दहा फूट.

संध्याकाळी उत्तर आले. फाटक पुरेसे रुंद होते, अंगणही पुरेसे होते. पण फाटकावर आंब्याची फांदी आली होती, ती जमिनीपासून नऊ फुटांवर.

“आत्या, काळजी करू नकोस,” भाचा म्हणाला. “उद्याच फांदी उतरवतो. गाडी थेट पायरीशी लागेल.”

आजींनी थोडा वेळ विचार केला. तो आंबा त्यांच्या वडिलांनी लावलेला होता.

“नको रे बाळा, फांदी राहू दे,” त्या म्हणाल्या. “गाडी फाटकाबाहेर उभी करू. तेथून ओटीपर्यंत किती पावले होतात, तेवढी मोजून सांग.”

भाचा मोजायला गेला. बावीस पावले भरली. आजींनी नातीला हाक मारली आणि त्याच संध्याकाळपासून, तिच्या खांद्यावर हात ठेवून, पेणच्या घरातील पडवीत बावीस पावले चालण्याचा सराव त्यांनी सुरू केला.