मागची दांडी

वळणावर मोटार बाहेरच्या अंगाला कलते, हे आपण इतके गृहीत धरतो की ते कलणे कमी करता येते, असा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. बसणाऱ्याने दारावरची मूठ घट्ट धरावी आणि हाकणाऱ्याने वेग उतरवावा, एवढाच त्यावरचा रूढ उपाय. माझ्या आईने तिसरा शोधून काढला होता. तिने मोटारीत बसणेच सोडले. घमापुराहून ग्वारीघाट काही परगावी नाही. पण प्रत्येक वळणाला मागची बैठक एका कुशीवर झोपते आणि पोटात ढवळते, असे सांगून तिने पौर्णिमेचे नर्मदादर्शन बंद केले. ऐंशी वर्षांची बाई मुलाच्या बदल्यांमागे गावोगाव फिरते, कुठेच ओळखी जमत नाहीत. इथे आल्यावर तिची एकीशीच ओळख झाली, ती नर्मदेशी. ती अशी लोखंडाच्या उण्यापायी तुटावी, हे मला रुचेना.

उपाय जुनाच आहे. पुष्कळ मोटारींच्या पोटाखाली डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत आडवी गेलेली, टोकांशी वळवलेली एक पोलादी दांडी असते. कारखानदार तिला अँटी-रोल बार म्हणतात, मिस्तरी स्टॅबिलायझर. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, जशी गतिरोधकावर, तर ती आपल्या रबरी बुशांत नुसती फिरते. ती आहे हे कळतही नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली झाले की मात्र तिला पीळ बसतो, आणि तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत ती गाडीला सरळ धरते. मौज अशी की तिचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरच्या जागी १९ मिलिमीटरची दांडी घातली तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसेल. ताठपणा जवळजवळ दुप्पट होईल. वेतनश्रेणीला हा नियम कोणी लावला नाही, हे सरकारचे सुदैव!

अशा कामाला जबलपूरसारखे गाव नाही. येथे १९०४ पासून तोफांचे गाडे होत आले आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना निघाला. 'जोंगा' हे नाव ऐकून पुष्कळांना ते परदेशी वाटते. वस्तुतः ती 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' यांची आद्याक्षरे होत. गाडीचे मूळ तेवढे जपानी, निस्सानचे. त्या कारखान्यांत हात घडवून निवृत्त झालेली माणसे घमापुरात आणि रांझीच्या रस्त्याला भेटतात. लोखंडाविषयी ती ज्या आदराने बोलतात, तो आमच्या कचेरीत मी कागदाविषयीही पाहिलेला नाही.

अशाच एका वृद्ध मिस्तरीपुढे मी १९ मिलिमीटरची मागणी ठेवली. माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. तिचे नाक वळणावर बाहेर पळते. मागची दांडी जाड केली की कलणे आवरण्याचा अधिक वाटा मागची चाके उचलतात, पुढच्या बाहेरच्या चाकावरचे ओझे हलके होते आणि नाक सुकाणूचे ऐकू लागते. हे सगळे मी वाचून गेलो होतो आणि थोडे ऐटीत सांगितलेही. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहब, पीछे कौन बैठता है?"

आई बसते, म्हटल्यावर त्याने १९ ची गोष्टच बंद केली. ही दांडी दोन चाकांना एकमेकांशी बांधते, हे तिचे बळ आणि हाच तिचा दोष. एका चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्या चाकालाही त्याची वार्ता पोचते. दांडी जितकी जाड तितकी मोठ्याने. शिवाय मागची बाजू फार ताठ झाली तर पावसाळी निसरड्यावर शेपूट आधी सुटते, आणि नाक सुटण्यापेक्षा शेपूट सुटणे सावरायला अवघड. त्याने १८ ठरवली. म्हणजे ताठपणा सुमारे १.६ पट. साधी सळई वाकवून देणारेही बाजारात आहेत, हे त्यानेच सांगितले. तिचाही ताठपणा तेवढाच भरतो. पण थोड्याच दिवसांत ती पिळलेलीच राहते, परत येत नाही. स्प्रिंगचे पोलाद आणि त्याला भट्टीत दिलेले पाणी, यांचे पैसे असतात ते त्या परत येण्याचे.

दांडी बसवली. मंडल्याच्या रस्त्याला मी एकटाच जाऊन आलो; गाडी वळणात शिरली की अंग चोरून, नेमकी हवी तिथून बाहेर पडे. पण माझे मत येथे गौण होते. पौर्णिमेला आई बसली, बरीच विनवणी केल्यावर. घाटापर्यंत काही बोलली नाही. उतरताना म्हणाली, "आता झोपत नाही रे, पण ठेचकाळते. त्या चौकातल्या खड्ड्याने माझी कंबर विचारली."

टायरांतली हवा थोडी उतरवून पाहावी असे माझ्या मनात आले होते. मिस्तरीने तेही मोडून काढले. हवा ठरलेली तितकीच ठेवा, आणि पाचशे किलोमीटर झाले की बुशांच्या पकडी पुन्हा आवळायला या, असे त्याचे सांगणे आहे. चारशेवर गेले आहेत. पुढची पौर्णिमा गुरुवारी येते. आईने रजेचा अर्ज टाकायला आजच सांगितले आहे.