भोसरीत भरलेला सूर

शनिवारी अख्खं पुणे लोणावळ्याकडे पळतं. आम्ही मात्र डिकीत अ‍ॅम्प टाकून भोसरी एमआयडीसीत! मित्र चाकणच्या कार प्लांटमध्ये रोबोट सांभाळतो. अ‍ॅम्प त्याच्या बाबांचा, ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे तेव्हाचा. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर गिटार, गप्प.

अ‍ॅम्प सत्तरच्या दशकातला हायब्रिड. म्हणजे पुढे ट्रान्झिस्टर, शेवटी व्हॉल्व्ह. लिओ फेंडर ज्यात होता त्या म्युझिक मॅनने १९७४ मध्ये हाच प्रकार आणला होता. माझं मत विचाराल, तर रॉकवाल्यांनी याच्या नादी लागू नये, डिस्टॉर्शन कोरडं येतं. पण स्टील गिटारला आवाज स्वच्छच लागतो. बार सरकताना सूर लांबत गेला पाहिजे. तिथे हाच डबा राजा.

जळाला होता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हचे चारशे-पाचशे व्होल्ट थेट स्पीकरला देता येत नाहीत, मधे हा ठोकळा लागतोच. पूर्वी अशा वेळी कुदळवाडीचं भंगार पालथं घातलं असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामं पाडली. शेवटी मोटारी भरणाऱ्या एका काकांनी जुन्याच पत्र्यांवर नवी तार भरली, वेढे मोजून.

शेडमध्येच बाबांनी प्लग लावला. शेजारी प्रेसचा धडधडाट चालूच. पहिला सूर जरा खाली लागला, बाबांनी बार किंचित पुढे नेऊन तो जागेवर आणला. काका ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून म्हणाले, “तापतोय का बघतो. तुम्ही वाजवत राहा.”