पांढरं कापड कुणासाठी?

प्रिय वंदना,

परवा तू फोन ठेवलास, पण माझं तुझ्याशी भांडण चालूच राहिलं. "ते लोक शतकानुशतकं एकमेकांच्या जिवावर उठलेलेच होते गं," बोस्नियाच्या युद्धाबद्दल किती सहज बोलून गेलीस! मित्र कोण आणि शत्रू कोण, हे ठरवण्यातच राजकारण असतं, ही कार्ल श्मिटची मांडणी मला एम.ए.ला असताना रात्र रात्र जागून तूच समजावलीस. आणि समजावताना हट्टाने विचारायचीस, की मग शत्रू ठरवतो कोण? तो प्रश्न कुठे ठेवून आलीस?

प्रियेदोर गाव घे. तिथे ३१ मे १९९२ ला सर्ब सत्ताधाऱ्यांनी फर्मान काढलं: सर्ब नसलेल्यांनी घरावर पांढरं कापड लावायचं, बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधायची. मला एवढंच सांग, वैर इतकं जुनं, इतकं मुरलेलं होतं, तर शेजाऱ्याला शेजारी ओळखायला कापड का लागावं? बोली एक, शाळा एक, कामाच्या जागा एक. जवळच्या ओमार्स्काच्या लोखंडाच्या खाणीचीच त्या दिवसांत छळछावणी झाली. आणि १९९१ च्या जनगणनेत बोस्नियातल्या साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला नुसतं 'युगोस्लाव्ह' म्हणवून घेतलं होतं. त्यांनी काय बांधायचं होतं दंडाला?

साराएव्होत ५ एप्रिल १९९२ ला शांततेसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळ्या लागून सुआदा दिलबेरोविच आणि ओल्गा सुचिच गेल्या. आज तिथल्या पुलाला दोघींचंही नाव आहे. पुढे सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला, तेव्हा ते लढवणाऱ्या सैन्यात योवान दिव्याक नावाचा सेनानी होता, जन्माने सर्ब. तुझ्या 'शतकानुशतकं'मध्ये ही माणसं कुठे बसवायची? बसत नाहीत, म्हणूनच तर त्या वाक्यावर माझा राग आहे. आधी द्वेष होता आणि मग हिंसा झाली, असं आपण शिकवतो. मला तर उलट दिसतं. हिंसेनेच माणसाची बाकी सगळी नाती खरवडून काढली आणि एकच ओळख शिल्लक ठेवली.

ते वाक्य तेव्हा मोठ्या राजधान्यांना किती सोयीचं पडलं, आठवतं? जुनं वैर म्हटलं की हात झटकायला मोकळे. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. जुन्या सैन्याचा दारूगोळा ज्या सर्ब फौजांच्या हाती होता, त्यांचं तिने काय बिघडलं? एप्रिल १९९३ मध्ये स्रेब्रेनिकाला 'सुरक्षित क्षेत्र' ठरवलं, आणि जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथे संयुक्त राष्ट्रांचे डच सैनिक हजर होते, वंदना.

तू म्हणशील, हे सगळं मला ठाऊक आहे. असेलच. म्हणून तर जास्त लागलं.

जानेवारी १९९३ च्या दंगलींत आपण मुंबईत होतो. इमारतींखालच्या फळ्यांवरून लोक आपली नावं उतरवत होते. कुठे घरावर कापड चढत होतं, कुठे पाटी उतरत होती. पण माणूस एका नावापुरता उरणं दोन्हीकडे सारखंच. तुझ्या आईने शेजारच्या काकूंना त्या दिवसांत घरात ठेवून घेतलं, मागच्या खोलीत, कुणाला पत्ता लागू न देता. त्यांचं-आपलं किती शतकांचं आहे, हे मावशींनी विचारलं नाही. मावशींचं ते ऋण माझ्यावरही आहे. राजकारण म्हणजे काय ते मी त्या घरात पाहिलं.

आणि तह काय झाला, तर डेटनचा. १९९५ च्या त्या कराराने युद्ध थांबवलं, हे मी कधीच कमी लेखणार नाही. पण त्यातच बोस्नियाची राज्यघटना आली, आणि तिने देशाचं अध्यक्षपद तिघांत वाटलं: एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुसलमान), एक सर्ब, एक क्रोएट. बाकीचे 'इतर'. देर्वो सेयदिच रोमा, याकोब फिन्त्सी ज्यू. दोघांनाही उभं राहता येईना. २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. घटनेतली ती अट अजून तशीच आहे.

पुढच्या सत्रात श्मिटनंतर हा खटला लावशील? तुझ्या वर्गात लातूरची, मालेगावची, कोकणातली मुलं आहेत. त्यांना विचार, बोस्नियात तुम्ही कोण म्हणून उमेदवारीचा अर्ज भराल? काय म्हणतात ते मला सविस्तर लिही. फोन नको, पत्रच पाठव.

तुझीच,
सुलभा