मॉर्फिन मिळेपर्यंत

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो हाडांत उतरला होता. पण मी लिहितेय ते आजाराबद्दल नाही, दुखण्याबद्दल. आजारावर काही ना काही उपचार चालू असतात. दुखण्यावरचं औषध मात्र रत्नागिरीत शोधायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आम्हाला ते मिळेपर्यंत काय काय झालं ते सांगते, म्हणजे कुणाची तरी तेवढी पायपीट वाचेल.

आम्ही पावसजवळच्या एका वाडीत राहतो. थोडी कलमं आहेत. २०२२ चा आंब्याचा हंगाम संपताना अण्णांची कंबर धरली. पेट्या उचलून झालं असेल म्हणून शेक, तेल, मलम केलं. मग एक्स-रे, मग रक्ताची तपासणी, आणि तिथून थेट परळचं टाटा हॉस्पिटल. हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं आणि वर्षभर अण्णा चांगले होते. २०२३ च्या गणपतीत सगळ्या आरत्या उभ्याने म्हटल्या.

जानेवारी २०२४ मध्ये दुखणं परत आलं. या वेळी कंबर, पाठ आणि उजवी मांडी. दिवसा कसंतरी निभायचं. रात्री पाठ टेकता यायची नाही. ओटीवर खुर्चीत उशा लावून बसायचे. ओरडायचे नाहीत, पण हाताने खुर्चीची कड घट्ट धरलेली असायची. मी पाणी द्यायला गेले की म्हणायचे, "झोप गो तू, सकाळी उठायचंय तुला." मला झोप लागायची नाही. खरं सांगायचं तर कधी कधी रागही यायचा, नक्की कुणावर ते कळायचं नाही.

इथल्या डॉक्टरांनी आधी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दिली. दोन-चार तास बरं वाटायचं. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला होता. या जातीची औषधं वयस्कर माणसाला फार दिवस देऊ नयेत, हे आम्हाला नंतर परळला कळलं. मग ट्रामाडॉल झालं. त्याने उलट्या. मग टॅपेंटाडॉल. त्याने थोडं हलकं वाटलं, पण रात्र काही सरेना.

शेवटी एका डॉक्टरांना आम्हीच विचारलं, यापेक्षा जोरकस काही नाही का? ते म्हणाले, "आहे, मॉर्फिन. पण ते आमच्याकडे नसतं आणि मी लिहून दिलं तरी तुम्हाला मिळणार नाही." तरी त्यांनी लिहून दिलं. माझे मिस्टर ती चिठ्ठी घेऊन रत्नागिरीतल्या औषधांच्या दुकानांतून फिरले. कुणी नुसती मान हलवली. एकाने चिठ्ठी वाचून काउंटरवरून परत सरकवली आणि म्हणाला, "हे ठेवायचं म्हणजे आम्हाला आत जायची तयारी हवी." एका ओळखीच्या माणसाने मात्र नीट सल्ला दिला. टाटाची फाईल आहे ना, मग तिथल्या पॅलिएटिव्ह केअर विभागात जा, म्हणाला.

त्या विभागाचं नाव आम्ही ऐकलेलं होतं. शेवटचे दिवस आले की तिथे पाठवतात अशी समजूत होती, म्हणून जायचं टाळत होतो. तसं मुळीच नाही. उपचार चालू असतानाही तिथे दाखवता येतं. कॅन्सर कळल्यापासूनच दाखवावं.

रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने गेलो. खालचा बर्थ मिळाला, पण अण्णांना आडवं होता येईना आणि बसून मांडी ठणकत होती. दादर येईपर्यंत त्यांनी डबा दोन्ही बाजूंनी पालथा घातला. राहायची सोय दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. तिथे बहुतेक टाटाचेच पेशंट असतात. औषध कुठल्या खिडकीवर मिळतं इथपासून सगळं तिथली माणसं सांगतात.

डॉक्टर बाई तरुण होत्या. घाई नव्हती त्यांना. "आजोबा, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. मग तुमचं किती?" अण्णा विचार करून म्हणाले, "बारा आणे." बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि रात्री?" "रात्री सोळा." त्यांनी केसपेपरवर तसंच लिहिलं आणि पुढेही प्रत्येक वेळी आण्यांतच विचारलं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. मांडीच्या हाडावर रेडिएशनचा एकच मोठा डोस ठरवला. त्याचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर मॉर्फिन. मूत्रपिंड आणि वय बघून दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा आणि रात्री दहा. दहाच्या वेळी दुप्पट, म्हणजे अख्खी गोळी, म्हणजे मध्यरात्री दोनला माणसाला उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर एक जादा अर्धी, आणि ती लिहून ठेवायची.

गोळ्या महाग असतील असं वाटलं होतं. तशा त्या अगदी स्वस्त निघाल्या. त्यामुळे माझा प्रश्न आणखी वाढला. इतकी स्वस्त गोळी आमच्या जिल्ह्यात का मिळू नये? बाईंनी थोडक्यात सांगितलं, बाकीचं मी नंतर वाचलं. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, एनडीपीएस. त्यात शिक्षा कडक आणि मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने. एकाची मुदत संपली की बाकीचे असून नसल्यासारखे. दवाखान्यांनी आणि दुकानांनी नादच सोडला. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. अफू आपल्याकडेच पिकते, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मॉर्फिन धरून सहा औषधांसाठी एकच मान्यता लागते आणि ती राज्याचा औषध नियंत्रक देतो. हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि नोंदी चोख हव्यात, एवढंच. पण अर्ज करायलाही कुणीतरी पुढे यावं लागतं. कायदा बदलला तरी त्या दुकानदाराच्या डोक्यातून १९८५ गेलेलं नाही, आणि त्याला तरी काय बोलायचं.

पेशंटला मात्र कसलाही परवाना लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाची पावती जवळ असली की झालं. आम्ही त्या दोन्हींच्या झेरॉक्स गोळ्यांच्या डबीतच ठेवायचो.

धर्मशाळेत परत येतो तोच न्यू जर्सीहून धाकट्या दिरांचा फोन. मॉर्फिन म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. "वहिनी, ते अजिबात सुरू करू नका. इथे याच गोळ्यांनी घरंच्या घरं बसलीत." त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा तरुण मुलगा तसा गेला होता, त्यामुळे ते उगाच बोलत नव्हते. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी आली. सवय लागायचा धोका फार कमी, असं सांगून कंपनीने ती साध्या पाठदुखीलाही खपवली. त्या कंपनीने पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. नंतर रस्त्यावर हेरॉइन आलं, मग चोरटं फेंटानिल, आणि २०२१ मध्ये तिथे ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली.

मी दुसऱ्या दिवशी बाईंना हे सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "भीती बरोबर आहे, पण ती या पेशंटची नाही." तिथे गोळी नको त्याला, नको तेवढी मिळाली. इथे हवी त्याला मिळत नाही. लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब मांडला होता, भारतात या औषधांची जेवढी गरज आहे त्याच्या जेमतेम ४ टक्के पेशंटपर्यंत पोचतात. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. भाऊजींना फोन लावून दिला तेव्हा हेच बाईंनी त्यांनाही सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं नाही. मात्र पुढच्या रविवारी त्यांनीच सांगितलं, त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईची वर्षानुवर्षांची गोळी डॉक्टरांनी घाबरून अचानक बंद केली होती आणि ती अंथरुणाला खिळली. तिथे २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी कडक सूचना आल्या, त्यांचा असा अर्थ पुष्कळांनी लावला. २०२२ मध्ये त्या सुधाराव्या लागल्या.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस अण्णा पेंगत होते. मळमळही झाली. हे होणार असं सांगितलेलं होतं, त्यासाठी गोळीही दिली होती. खूण अशी की हाक मारल्यावर माणूस जागा होऊन नीट बोलला पाहिजे. जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल तर पुढची गोळी न देता ताबडतोब फोन करायचा. मी पहिल्या रात्री बॅटरी घेऊन त्यांची छाती वर-खाली होतेय का ते बघत बसले होते. चौथ्या दिवशी ते आडवे होऊन सलग झोपले. पहाटे उठून विचारलं, "चाय झाली काय गो?"

कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मी रेघा मारून तक्ता केला. वेळ, गोळी, किती आणे, शौचाला झालं का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मॉर्फिनने पोट बांधलं जातं, आणि पेंग जाते तसं हे आपोआप जात नाही. पोट साफ व्हायची गोळी पहिल्या दिवसापासून, रोज. अण्णांनी एकदा ती नको म्हणून हट्ट केला आणि नंतरचे दोन दिवस पोट फुगून जो त्रास झाला तो कॅन्सरच्या वर होता. वाडीत कुजबुज झाली, म्हाताऱ्याला अफू चारतात म्हणून. अण्णांनीच परस्पर उत्तर दिलं, "तुझ्या मांडीत ठणका लागला की मग ये, तुलाही देतो." खरं तर द्यायची नव्हती कुणालाच. डबी माझ्या कपाटात कुलपात असायची.

फेंटानिलची पट्टीही मिळते, तीन दिवस अंगावर राहते. ती महाग, म्हणून आम्ही घेतली नाही. कुणी लावत असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध एकदम अंगात जातं.

पुढे दर वेळी अण्णांना न्यावं लागलं नाही. मिस्टर फाईल आणि माझा तक्ता घेऊन जायचे. जुलैत मात्र फजिती झाली. १४ जुलैला खेडजवळ दिवाणखवटीला रुळावर दरड आली आणि कोकण रेल्वे बंद पडली. त्याच रात्रीचं तिकीट होतं आणि घरात शेवटची स्ट्रिप. मिस्टर एसटी पकडून गेले. महामार्गावर पाणी, खड्डे, रांगा. गोळ्या घेऊन परत पोचले तेव्हा डबीत एका दिवसाच्याच उरल्या होत्या. बाईंना ही हकीकत सांगितल्यावर त्यांनी आठवड्याच्या जादा लिहून द्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात कोकणातल्या माणसाने हे आधीच सांगून ठेवावं.

अण्णा सप्टेंबरमध्ये, गणपती जाऊन थोड्या दिवसांनी गेले. शेवटी दोन-तीन आणे दुखत असायचं, त्याहून जास्त नाही. आरतीला या वेळी खुर्चीत बसले होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली, मुंबईच्या एका कंपनीने टॅपेंटाडॉल दुसऱ्या एका औषधात मिसळून केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी खपत होत्या. बीबीसीने ते उघड केलं आणि सरकारने ते मिश्रण बंद केलं. ठीकच केलं. पण मिस्टरांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, आता दुकानदार आणखी घाबरतील.

अण्णांच्या उरलेल्या गोळ्या इथे कुणी घेईना. त्या परळला नेऊन दिल्या. सिस्टरनी आमच्यासमोर मोजल्या, वहीत लिहिल्या, मिस्टरांची सही घेतली. त्यानंतर वाडीतल्याच एकाच्या बायकोला तोंडाच्या कॅन्सरचं दुखणं सुरू झालं. अण्णांच्या वेळी अफूबद्दल बोलणाऱ्यांत तो होता. विचारायला आला तेव्हा जरा अवघडला होता. मी त्याला कालनिर्णयचा तक्ता दाखवला आणि पहिल्यांदा पोट साफ व्हायच्या गोळीचं सांगितलं.